कान दुखत नाही, म्हणून बरा नव्हे

(ऊस विकास अधिकारी यांजकडून)



या पानावर आम्ही दर अंकी बेणे, लागण, खते, खोडवा यांविषयीच लिहीत आलो आहोत. या खेपेस विषय जरा वेगळा आहे, आणि तो आमच्या घरचा आहे. तुम्ही म्हणाल, शेतकी खात्याच्या माणसाने दवाखान्याचे कशाला लिहावे? पण गेल्या तीन-चार महिन्यांत गट ऑफिसात बसलेले असताना निदान तीन सभासदांनी आम्हांला एकच प्रश्न विचारला. एकाच्या मुलाचा कान, दुसऱ्याच्या सुनेचा, तिसऱ्याचा स्वतःचा. पहिले ऑपरेशन झालेले आहे. डॉक्टर दुसरे करा म्हणतात. कान तर दुखत नाही, आणि विम्याचे काही खरे नाही. मग करावे की थांबावे?

हा प्रश्न आमच्याकडेच का आला, ते उघड आहे. बांधावर उभे राहून बोलताना आम्ही मान वळवून डावा कान पुढे करतो, हे बहुतेकांना ठाऊक आहे. "साहेबांना उजवीकडून तक्रार सांगू नका, पोचत नाही," अशी थट्टाही चालते. थट्टा खरी आहे. आमच्या उजव्या कानाची एक शस्त्रक्रिया गेल्या वर्षी झाली, दुसरी व्हावयाची होती, आणि आम्ही ती विम्याच्या कागदापायी लांबवली. त्यात आमचे काय चुकले व शेवटी काय ठरवले, ते सांगितले तर चार घरांना उपयोग होईल, म्हणून हा लेख.

लहानपणचा कान

आमचे मूळ गाव पनवेलजवळचे चिरनेर. हल्ली ते उरण तालुक्यात मोडते. २५ सप्टेंबर १९३० रोजी तेथल्या अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रह झाला, गोळीबार झाला आणि आठ माणसे हुतात्मा झाली. पाठ्यपुस्तकामुळे नाही तर महागणपतीच्या देवळामुळे तरी गावाचे नाव पुष्कळांनी ऐकले असेल. आमच्याकडे ऊस नाही, भात. पाऊस मात्र असा की चार महिने अंग वाळत नाही. आम्ही पोरे शाळा सुटली की पाण्यात. कान वाहू लागला की आई लसूण घालून कढवलेले खोबरेल कोमट करून कानात सोडी. गावात एकच शब्द होता, "कान फुटला". फुटला की वाहायचा, वाहून बंद झाला की बरा झाला. दर पावसाळ्यात असेच. कोणाला काही वाटत नसे, कारण घरोघरी तेच होते.

पुढे आम्ही कृषी पदविका घेतली, घाट चढून वर आलो आणि उसात रमलो. कान वर्षातून दोनदा वाहायचा, थेंब टाकले की थांबायचा. ऐकू कमी येत गेले, पण ते इतके हळूहळू की आमचे आम्हांलाच कळले नाही. घरून तक्रार सुरू झाली, की हाका माराव्या लागतात. मग वास येऊ लागला. कानाच्या पाण्याला घाण वास येणे ही साधी गोष्ट नव्हे, हे आम्हांला चाळिशी उलटल्यावर कळले.

हुमणी आणि हाड

डॉक्टरांनी दुर्बिणीतून कान पाहिला, सी.टी. स्कॅन करविला आणि कोलेस्टेटोमा असे नाव सांगितले. नाव अवघड आहे, पण उसवाल्याला ही गोष्ट लगेच समजेल.

कानाच्या पडद्यामागे हवेची एक लहान पोकळी असते, तिला मधला कान म्हणतात. त्यात हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी तीन हाडे साखळीसारखी जोडलेली असतात. रिकीब हे आपल्या शरीरातील सर्वांत लहान हाड. आवाज पडद्यावर आदळतो आणि या साखळीतून आतल्या कानाकडे जातो. मधल्या कानातून एक नळी नाकाच्या मागे उघडते व हवेचा दाब सांभाळते. ही नळी नीट चालेनाशी झाली की पडदा आत ओढला जातो व त्याला खळगा पडतो. कातडीची मेलेली पापुद्री एरवी कानाबाहेर येते, ती या खळग्यात साठत जाते. साठता साठता तिची पिशवी होते, आणि ही पिशवी आजूबाजूचे हाड खात पुढे सरकते.

आता हुमणी आठवा. वळवाच्या पावसानंतर भुंगेरे कडुलिंबावर, बाभळीवर जमतात, अंडी मातीत जातात, अळी खाली मुळ्या खात बसते. वरून पीक हिरवेगार. पान पिवळे पडू लागते तेव्हा खाली मुळी शिल्लक नसते आणि ऊस हाताने ओढला तरी उपटून येतो. हा रोगही तसाच आहे. बहुधा दुखत नाही. हाडांची साखळी खाऊन टाकतो, म्हणून ऐकू कमी येते. पुढे तोल सांभाळणाऱ्या नळ्यांना भोक पडले तर चक्कर येते. चेहऱ्याची नस त्याच हाडातून जाते, तिला धक्का बसला तर तोंड वाकडे होते. वरच्या बाजूस पातळ हाडाचा पापुद्रा व त्यापलीकडे मेंदूचे आवरण आहे. तेथे पू पोचला तर जिवाशी गाठ. औषधाच्या थेंबांनी वरचा पू थांबतो, पिशवी जात नाही. तिला काढावेच लागते.

पहिली शस्त्रक्रिया आणि दिलेली तारीख

गेल्या वर्षी मे महिन्यात, गळीत हंगाम संपल्यावर, पहिली शस्त्रक्रिया झाली. कानामागचे हाड कोरून पिशवी काढली, पडदा नवा बसवला. हिशेबाचे सांगावयाचे तर बिल बहात्तर हजारांच्या घरात झाले, आणि कचेरीच्या गटविम्यातून थोडी किरकोळ रक्कम वगळता सगळे भागले. आम्ही खूश होतो.

घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितले, "साधारण वर्षभराने पुन्हा कान उघडून पाहावा लागेल. आत काही राहिले नसेल तर तेव्हाच ऐकण्याचे हाड बसवू." डिस्चार्ज कार्डावरही तसे लिहिले होते.

असे का, ते समजून घ्यावे. या शस्त्रक्रियेच्या दोन मुख्य पद्धती आहेत. एकीत कानाच्या नळीची मागची भिंत काढून टाकतात व मोठी मोकळी पोकळी ठेवतात. रोग पुन्हा झाला तर लवकर दिसतो, पण ती पोकळी सहा-बारा महिन्यांनी डॉक्टरकडून साफ करून घ्यावी लागते आणि पाण्यापासून जन्मभर जपावी लागते. दुसरीत भिंत शाबूत ठेवतात. कान जवळजवळ पहिल्यासारखा राहतो, परंतु पडद्यामागे कातडीचा एखादा कण राहिला असेल तर तो बाहेरून दिसत नाही. त्यापासून नवी पिशवी तयार होते. म्हणून साधारण नऊ महिने ते दीड वर्षाच्या आत पुन्हा पाहावयाचे. आमची शस्त्रक्रिया या दुसऱ्या प्रकारची होती. मुलांमध्ये रोग उलटण्याचा संभव मोठ्या माणसांपेक्षा जास्त असतो, त्यामुळे मुलांच्या बाबतीत ही तारीख अधिकच जपावी.

म्हणजे दुसरी शस्त्रक्रिया ही पहिली फसली म्हणून नसते. ती त्याच कामाचा उरलेला भाग असते. हे आम्हांला तेव्हा सांगितले होते. पण कान कोरडा झाला, वास गेला, आणि आम्ही ते विसरलो.

कागद आडवा आला

यंदा एप्रिलमध्ये कचेरीच्या गटविम्याचे नूतनीकरण झाले. हप्ता वाढला होता, म्हणून विमा दुसऱ्या कंपनीकडे गेला. आम्ही विचारले, जुन्या आजाराची दुसरी शस्त्रक्रिया यात बसते का? उत्तर आले, "मंजुरीच्या वेळी पाहू." पुन्हा विचारले, तेच उत्तर. ना हो, ना नाही.

साखर कारखान्यात काम करणाऱ्यास कर्मचारी राज्य विमा का नाही, असे काही सभासद विचारतात. १९४८ च्या त्या कायद्याने हंगामी कारखाने वगळले होते, आणि साखर तयार करणारे कारखाने त्या व्याख्येत येत. त्यामुळे आमच्यासारख्यांना गटविमा किंवा स्वतःची पॉलिसी, हेच दोन आधार उरतात.

मग एक ओळखीचे एजंट घरी आले. स्वतंत्र पॉलिसी घ्या म्हणाले. अर्जात मागील आजारांचा रकाना होता. ते म्हणाले, "साहेब, कानाचे तेवढे लिहू नका. पुढे कोण बघतंय?" घरात क्षणभर शांतता झाली. खोटे सांगत नाही, आमचेही मन डळमळले. मग सौभाग्यवतींनीच विचारले, "काट्यावर वजनात मारलेलं तुम्हांला चालतं का?" त्यावर बोलण्यासारखे काही राहिले नाही. आम्ही अर्ज भरला नाही.

नियम काय आहेत ते येथे नमूद करतो. पॉलिसी घेण्यापूर्वीपासून असलेल्या आजारासाठी कंपनी जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा प्रतीक्षा काळ लावू शकते. पूर्वी ही मर्यादा ४८ महिने होती, १ एप्रिल २०२४ पासून ती कमी झाली. शिवाय काही ठराविक शस्त्रक्रियांना वेगळी मुदत असते. १ एप्रिल २०२० पासून कंपन्यांना जी 'आरोग्य संजीवनी' ही समान पॉलिसी द्यावी लागते, तिच्यात कानाच्या पडद्याची व कानामागच्या हाडाची शस्त्रक्रिया २४ महिन्यांच्या यादीत आहे. सलग ६० महिने पॉलिसी चालल्यावर कंपनीला जुनी माहिती दिली नाही म्हणून क्लेम नाकारता येत नाही, पण फसवणूक सिद्ध झाली तर ते संरक्षणही मिळत नाही. तेव्हा रकाना कोरा सोडणे म्हणजे हप्ते भरून भरवसा न मिळणे.

हे सगळे कळल्यावर आम्ही काय केले? काहीच नाही. जुलै-ऑगस्टमध्ये आडसाली लागणीची घाई होती. कान दुखत नव्हता. विम्याचे स्पष्ट होऊ दे, मग पाहू, असे म्हणून वर्षाची तारीख मागे टाकली. आमची चूक ती हीच.

२५ सप्टेंबर

यंदा हुतात्मा दिनास आम्ही चिरनेरला गेलो होतो. थोरले बंधू गावीच शेती करतात. कार्यक्रमाच्या गर्दीत ते आमच्या उजव्या बाजूस उभे राहून काही बोलत होते. आम्हांला एक शब्द कळला नाही. ते रागावले नाहीत, फक्त फिरून डाव्या बाजूस आले. थोड्या वेळाने कानात खाज आली म्हणून आम्ही बोटाने कान दाबला, तर सगळे गरकन फिरले. बंधूंनी दंड धरला नसता तर त्या गर्दीत आम्ही आडवे झालो असतो.

घरी आल्यावर त्यांनी सगळे विचारून घेतले. विम्याचे, नव्या कंपनीचे, एजंटाचे. ऐकून म्हणाले, "अरे, कान तुझा आहे ना? मग कंपनीला काय विचारत बसलायस? आधी डॉक्टरला विचार. पैशाचं आपण बघू."

दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. कान दाबल्यावर चक्कर येणे ही खूण त्यांना आवडली नाही. त्यांनी एम.आर.आय. करविला. या रोगासाठी एम.आर.आय.ची एक विशेष पद्धत आहे, तिच्यात नवी पिशवी वेगळी उठून दिसते. साधारण तीन मिलिमीटरहून लहान असेल तर सुटू शकते. आमची ज्वारीच्या दाण्याएवढी होती, आणि ती तोलाच्या नळीला लागून होती. जुलैमध्ये पाहिले असते तर कदाचित याहून लहान सापडली असती.

आम्ही विचारले, "प्रतीक्षा काळ संपेपर्यंत थांबले तर?" ते म्हणाले, "कंपनीचं कॅलेंडर वेगळं आणि याचं वेगळं. ही वाढायची थांबणार नाही."

दोन प्रश्न वेगळे करावे

आमच्या अनुभवाचे सार एवढेच आहे. शस्त्रक्रिया करावी का आणि कधी, हा एक प्रश्न. पैसा कोठून आणावा, हा दुसरा. आम्ही दोन्ही एकत्र बांधले, आणि दुसऱ्याचे उत्तर मिळेना म्हणून पहिल्याचे उत्तर असूनही बसून राहिलो. उसाला पाण्याची पाळी द्यावयाची की नाही हे उसाकडे पाहून ठरवतो, सोसायटीच्या कर्जाकडे पाहून नाही. कर्जाची तजवीज त्यानंतर करतो.

पहिल्या प्रश्नासाठी डॉक्टरांना पुढील गोष्टी सरळ विचाराव्यात. पहिल्या खेपेस भिंत ठेवली की काढली? दुसऱ्यांदा उघडणे आवश्यकच आहे की एम.आर.आय. करून लक्ष ठेवता येईल? काही रुग्णांत ते चालते, सर्वांनाच दुसरी शस्त्रक्रिया लागत नाही. थांबले तर किती थांबता येईल? शस्त्रक्रियेत धोका कोणता? आम्हांला सांगितले, की पहिला हेतू कान कोरडा आणि सुरक्षित करणे हा आहे, ऐकू येणे त्यानंतर. हाड बसवूनही ऐकणे म्हणावे तसे सुधारेलच असे नाही. काही दिवस चक्कर राहील, जिभेची चव बदलू शकते, आणि क्वचित चेहऱ्याच्या नसेस इजा होऊ शकते. ऐकू आले नाही तर कानयंत्र लावता येईल. हे ऐकून भीती वाटली. पण काय निवडतो आहोत ते तरी कळले.

पैशाच्या वाटा

दुसऱ्या प्रश्नासाठी आम्ही तीन वाटा एकाच वेळी धरल्या.

पहिली वाट गटविम्याची. या खेपेस तोंडी विचारले नाही. डॉक्टरांचे पत्र, जुने डिस्चार्ज कार्ड आणि एम.आर.आय.चा अहवाल जोडून लेखी मंजुरी मागितली. नकार आला तर तो कोणत्या कलमाखाली हे लेखी मागावयाचे. कंपनीने तक्रार फेटाळली किंवा महिनाभरात उत्तर दिले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. त्यांची कार्यालये मुंबईत व पुण्यात आहेत आणि तेथे तक्रारीस फी नाही. मात्र वर्षाच्या आत जावे लागते.

दुसरी वाट महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची. ही योजना २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. आमचा रायगड आणि सोलापूर हे त्या आठांत होते. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती उरलेल्या राज्यात आली व २०१७ साली नाव बदलले. तेव्हा ती मुख्यतः पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेसाठी होती. आपल्या बागायती भागात पांढरी शिधापत्रिका पुष्कळांकडे असल्याने "ते आपल्यासाठी नाही" असे डोक्यात बसले आहे. ते आता सोडून द्यावे. २०२३ साली शासनाने ती राज्यातील सर्व कुटुंबांना लागू करण्याचे ठरवले, आणि १ जुलै २०२४ पासून दरवर्षी प्रति कुटुंब ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण लागू झाले. कान-नाक-घशाच्या शस्त्रक्रिया योजनेत आहेत. आधीचा आजार म्हणून थांबावे लागत नाही.

अडचण इतकीच, की उपचार योजनेच्या अंगीकृत रुग्णालयातच मिळतो आणि काही उपचार फक्त शासकीय रुग्णालयांसाठी राखलेले असतात. आमचे पहिले रुग्णालय अंगीकृत नव्हते. ज्यांनी कान एकदा उघडला त्यांच्याकडेच जावे, की योजनेसाठी दुसरीकडे? या प्रश्नावर आम्ही दोन रात्री झोपलो नाही. शेवटी एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जाऊन दुसरे मत घेतले. तेथल्या डॉक्टरांनी पहिल्या शस्त्रक्रियेची सविस्तर नोंद मागितली. डिस्चार्ज कार्डावर एक ओळ असते, ती पुरत नाही. कोणते हाड काढले, नस उघडी होती काय, भिंत ठेवली काय, हे ज्या कागदावर लिहिलेले असते तो कागद. आम्ही तो पहिल्या रुग्णालयातून मागून घेतला. पहिल्या डॉक्टरांनी राग मानला नाही, उलट स्वतः चार ओळी लिहून दिल्या. आता योजनेच्या मंजुरीचा प्रस्ताव रुग्णालयातील आरोग्यमित्रामार्फत गेला आहे. चौकशीसाठी १५५३८८ हा क्रमांक आहे, त्यास पैसे पडत नाहीत.

तिसरी वाट पगारदार पतसंस्थेची. दोन्हीकडून नकार आला तरी तारीख चुकू नये म्हणून आम्ही कर्ज मंजूर करून ठेवले आहे. उचलले नाही, पण आहे. बंधूंनीही भात झोडल्यावर काही देऊ म्हटले आहे. ते घ्यावे लागू नये, एवढीच इच्छा.

दिवाळीनंतरची तारीख ठरली आहे. मंजुरी दोन्हीकडून यावयाची आहे. परंतु आता ती आली तरी तारीख तीच, न आली तरी तीच.

सभासदांनी लक्षात ठेवावयाचे

कानात तेल, लसणाचा रस, दुसऱ्याचे थेंब घालू नयेत. वाहत्या कानात पाणी जाऊ देऊ नये. कान दोन आठवड्यांवर वाहत राहिला, किंवा पाण्यास घाण वास आला, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांस दाखवावे. कानाच्या रोगात तोंड वाकडे होणे, गरगरणे, तापासह तीव्र डोकेदुखी, कानामागे सूज यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. उद्यावर टाकू नये.

शस्त्रक्रियेचे सगळे कागद एका पिशवीत ठेवावे, जशा आपण उसाच्या पावत्या ठेवतो. पुढची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहावी, आणि ती कान दुखतो की नाही यावर सोडू नये. नोकरीतला गटविमा सुटणार असेल तर त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते व आधी गेलेला प्रतीक्षा काळ धरला जातो. त्यासाठी मुदत संपण्याच्या महिना-दीड महिना आधी अर्ज करावा. वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील जी.एस.टी. २२ सप्टेंबर २०२५ पासून काढला आहे, हेही हिशेबात धरावे.

अजून एक. हंगामात ऊसतोड टोळ्यांच्या कोप्यांवर आम्ही फिरतो. नाकातोंडात धूळ, उघड्यावर आंघोळ, आणि दर चार मुलांत एखाद्याच्या कानातून पाणी वाहताना दिसते. ही मुले नोव्हेंबरात येतात, मार्च-एप्रिलात जातात. पुढच्या तपासणीची तारीख कोणी लिहून दिली तरी तोवर मूल दुसऱ्या जिल्ह्यात असते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यातून, पालघरहून सुरू झाला. त्यात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि वाहणारा कान त्यातील यादीत आहे. शिवाय फुले योजना सबंध राज्यात चालते, टोळीचे मूळ गाव राज्यात कोठेही असो. ज्यांच्या फडात टोळी उतरेल त्या सभासदांनी मुकादमास एवढे सांगितले आणि मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात धाडले, तरी पुष्कळ झाले.

एक नम्र सूचना

आपल्या सहकारी चळवळीस हा विषय परका नाही. प्रवरानगरचा पहिला सहकारी कारखाना १९५० साली सुरू झाला, आणि त्याच परिसरात सत्तरच्या दशकात ग्रामीण रुग्णालय उभे राहिले. शेजारच्या कर्नाटकात २००३ साली सहकारी संस्थांच्या सभासदांसाठी 'यशस्विनी' योजना आली. सुरुवातीस सभासदाची वर्गणी वर्षास ६० रुपये होती. ती २०१८ साली बंद पडली व पुढे पुन्हा सुरू करण्यात आली. ऊस गेल्यावर १४ दिवसांत बिल द्यावे, असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा नियम आहे, म्हणून आपण हक्काने विचारतो. तसेच पुढील वार्षिक सभेत सभासदांनी आरोग्य विम्याविषयीही विचारावे. गटविमा शक्य आहे काय, जुन्या आजारास तो पहिल्या दिवसापासून लागू करून घेता येईल काय, आणि ते जमत नसेल तर फुले योजनेच्या कागदपत्रांसाठी गट ऑफिसात आठवड्यातून एक दिवस माणूस बसविता येईल काय. शेवटची गोष्ट खर्चाची नाही.

यंदा गव्हाणीत मोळी पडेल त्या दिवशी आम्ही तेथे नसू. कानास पट्टी असेल आणि धुळीत जाण्यास बंदी. तोडणी कार्यक्रम व नोंदींसाठी सभासदांनी आपापल्या गटाच्या चिटबॉयला किंवा ओव्हरसिअरला भेटावे, तारखेप्रमाणे काम होईल. परत आल्यावर तुम्ही कोणत्या बाजूने बोललात तरी ऐकू येईल, अशी आशा आहे. तोवर डावीकडूनच बोलावे, ही विनंती.